महादेवीला माणसांत आणलं

शिक्षकांच्या खोलीत किस्से कसे साठतात, हे बाहेरच्या माणसाला कळायचं नाही. वर्ग सुटतो, चहाचं पातेलं येतं आणि कुणीतरी म्हणतं, "आज काय झालं, ऐका." ऐकणारी तेच पुढच्या आठवड्यात दुसरीला सांगते, थोडं तिखटमीठ लावून. वर्षं जातात, पोरींची आडनावं विसरतात, मार्क विसरतात आणि शेवटी किस्से तेवढे उरतात. माझ्याकडं पोतंभर आहेत. त्यातले निम्मे एकाच पोरीचे.

ते मी लग्नांत सांगितले, बारशांत सांगितले, प्रवासात शेजारच्या बाईला सांगितले. लोक पोट धरून हसले. मीही हसले, हे आधीच सांगून टाकते. पण मध्यंतरी नात आली पुण्याहून. ती एका केंद्रात शिकवते. समोरच्याच्या मनात काय चाललंय ते ज्यांना ओळखू येत नाही, अशी मुलं असतात तिथं. स्वमग्न म्हणतात त्यांना. तिच्या पिशवीत चेहऱ्यांची कार्डं होती, एक हसरा, एक रडका, एक रागावलेला. "आजी, यावरून आम्ही त्यांना शिकवतो," म्हणाली. कार्डं हातात घेतली आणि माझा चहा तसाच राहिला. म्हटलं, बाई गं, हे आम्ही कधीच करून बसलोय. तेव्हा असला शब्द आमच्याकडं नव्हता. आम्ही म्हणायचो, पोरगी माणसांत नाही, तिला माणसांत आणायचं.

तर बसा. किस्से तेच आहेत, पण आज ओळीनं सांगते. ओळीनं मी ते कधी सांगितले नव्हते.

* * *

शाळा मुलींची, बिदर जिल्ह्यातली. बसवकल्याणपासून बैलगाडीनं दोन-अडीच तास. गावाचं नाव सांगत नाही. निजामाच्या राज्याचं शेवटचं वर्ष चाललं होतं. शाळा भरायची जुन्या जकात नाक्यात, त्यामुळं खिडक्यांना गज आणि दाराला हा एवढा अडसर. शिकवणाऱ्या आम्ही तिघी. मोठ्या बाई म्हणजे हेडमिस्ट्रेस, हैदराबादेत शिकलेल्या, लुगडं कडक आणि आवाज त्याहून कडक. उर्दू शिकवायला उस्तानीबी, पन्नाशीच्या, तोंडात सदा पान. आणि मी, विशीतली, चौथीच्या वर्गावर, स्वतःला फार हुशार समजणारी.

महादेवी शिवप्पा आडत्यांची लेक, दहा वर्षांची. ती कुणाला काय बोलेल याचा नेम नसायचा, म्हणून घरी पाहुणे आले की तिला मागच्या कडब्याच्या खोलीत बसवत आणि बाहेरून कडी घालत. शिवप्पा स्वतः तिला घेऊन आले.

"बाई, पोरगी मुकी न्हाई, येडी न्हाई," ते मोठ्या बाईंना म्हणाले. "तिसापतुर पाढे येतेत. पर माणसांत कसं वागावं ते कळंना तिला. तेवढं शिकवा. न्हाईतर ती खोली हायच."

म्हणजे आम्हाला काय शिकवायचंय आणि नाही शिकवलं तर काय होणार, हे दोन्ही पहिल्याच दिवशी कळलं होतं. कळलं नव्हतं असं म्हणायची सोय नाही.

त्याच दिवशी मोठ्या बाईंनी वर्गात विचारलं, "कोण बोलतंय गं?" महादेवी उभी राहिली. बसलेल्या ओळीनं तिनं अकरा मुलींची नावं सांगितली आणि म्हणाली, "आन् बारावं तुमी."

* * *

पावसाळ्यात मोहतमीम साहेब आले, म्हणजे शाळा तपासणारे. शेरवानी, लाल रुमी टोपी, हातात छडी. पोरींनी आदाब केला. साहेबांनी नेमकं महादेवीलाच उठवलं आणि विचारलं, बाई रोज शिकवतात का?

"मोठ्या बाई बुधवारी स्वेटर विणत्यात," महादेवी म्हणाली. "निळं हाय. एक हात झालाय, दुसरा ऱ्हायलाय."

साहेब हसले, शेरा मारून गेले. मोठ्या बाईंनी दुसऱ्या दिवशी शिवप्पांना निरोप धाडला की पोरीला घेऊन जा. शिवप्पा आले, तिचा हात धरून निघाले. उस्तानीबी दारात आडव्या उभ्या राहिल्या. म्हणाल्या, हिला शिकवायचं राहू द्या, आधी तुम्ही शिकवायला शिका. मोठ्या बाईंचा चेहरा असा झाला की सांगता सोय नाही.

पण पोरगी राहिली आणि दुसऱ्या दिवसापासून तिची खास शिकवणी सुरू झाली.

* * *

पहिला धडा चेहऱ्यांचा. कल्पना मोठ्या बाईंची. त्यांनी घरून आरसा आणला आणि मला सांगितलं, तू सोंगं कर. मी रागावल्याचं तोंड केलं. विचारलं, "बाईला काय झालंय?"

महादेवीनं नीट बघितलं. "ऊन लागायलंय."

मी रडवेलं तोंड केलं. ती म्हणाली, "कांदा." शेवटी मोठ्या बाई कंटाळल्या आणि स्वतःच तिच्यासमोर बसल्या. काही न करता नुसत्या बसल्या. महादेवी लगेच म्हणाली, "राग आलाय." मोठ्या बाई म्हणाल्या, मला अजिबात राग आलेला नाही. "मग तोंड तसंच हाय तुमचं," ती म्हणाली.

हा किस्सा मी कितीदा सांगितला असेल! याला जोडून दुसरा एक आहे, तो मात्र मी गाळायची. माझा थोरला भाऊ तेव्हा सरहद्दीपलीकडं कॅम्पात गेला होता, रझाकारांविरुद्धच्या लढ्यात. दोन महिने पत्र नव्हतं. एके सकाळी कुणीतरी उगाच बातमी आणली की तिकडं गोळीबार झाला, चार पोरं गेली. मी तोंड धुतलं, पावडर लावली आणि शाळेत येऊन हसत हसत कविता शिकवली. मोठ्या बाईंना कळलं नाही, पोरींना कळलं नाही. महादेवी जवळ आली.

"बाई, तुमी हसायलाव," ती म्हणाली, "पर चपला उलट्या पायांत हायत. घरी काय झालंय?"

मी काय करावं? मी तिला रागावले. असं कुणाच्या पायाकडं बघून बोलायचं नसतं, असं सांगितलं. तिनं ते पाठ करून टाकलं आणि पुन्हा कधी कुणाच्या पायाकडं बघितलं नाही. (भाऊ सुखरूप होता. पुढं घरी आला, त्याचं लग्न झालं, त्या लग्नात मी हिचेच किस्से सांगितले.)

* * *

दुसरा धडा रामरामाचा. आमच्या भागात हा सोपा नव्हता. साहेबाला आदाब, मठातल्या अय्यांना आणि लिंगायत वडीलधाऱ्यांना शरणु, पाटील-कुलकर्ण्यांना रामराम, बाईमाणसाला वाकून नमस्कार. तुम्ही-आम्ही न शिकता शिकतो. महादेवीसाठी मी कागदावर तक्ता काढला, डावीकडं माणूस, उजवीकडं काय म्हणायचं. आठ दिवसांत तिला तोंडपाठ. मी उस्तानीबींना म्हटलं, बघा, जमतं की नाही.

त्या सप्टेंबरात हिंदुस्थानची फौज आली आणि चार दिवसांत निजामाचं राज्य गेलं. आमच्या भागात त्या दिवसांत आणि पुढच्या दिवसांत मुसलमानांचं काय काय झालं, ते किश्शांत सांगायचं नाही. शाळा दीड महिना बंद होती. उघडली तेव्हा झेंडा नवा, प्रार्थना नवी, आणि साहेब आले की जयहिंद म्हणायचं असं वरून पत्र.

साहेब आले. तेच ते मोहतमीम. शेरवानी गेली होती, रुमी टोपी गेली होती, अंगात खादी, डोक्यावर पांढरी टोपी. पोरी ओरडल्या, "जयहिंद!" एकटी महादेवी वाकून म्हणाली, "आदाब अर्ज."

साहेबांनी विचारलं, हिला कुणी शिकवलं नाही का? मोठ्या बाईंनी घाईनं सांगितलं, मुलगी जरा अशीच आहे, तिला ओळखू येत नाही.

"ओळखू येतंय," महादेवी म्हणाली. "टोपी बदलली. साहेब तेच हायत."

साहेबांनी रुमाल काढून कपाळ पुसलं. उस्तानीबी त्या दिवशी शाळेत आल्याच नव्हत्या. फौज आल्यापासून त्या फार कमी बाहेर पडत.

* * *

आता माझा पराक्रम ऐका. वैशाखात बसवजयंतीचं जेवण होतं पाटलांच्या घरी, शाळेला बोलावणं. आमच्याकडं रीत अशी की वाढणारी विचारते, होळिगे वाढू का? म्हणजे पुरणपोळी. आपण ताटावर हात धरायचा, नको म्हणायचं. ती पुन्हा विचारते, आपण पुन्हा नको. तिसऱ्यांदा ती विचारते आणि आपण मान डोलवतो. भूक असो नसो, हे असंच. पहिल्याच हाकेला हो म्हणणारी म्हणजे घरी उपाशी ठेवलेली.

महादेवीला भूक होती. तिला विचारलं, ती व्हय म्हणाली. पुन्हा विचारलं, पुन्हा व्हय. सात होळिगे खाल्ले. पाटलीणबाई पंगतीत सगळ्यांना ऐकू जाईल अशा म्हणाल्या, शिवप्पाच्या घरी चूल पेटत न्हाई वाटतं. पंगत हसली. पुरुषांच्या पंगतीत शिवप्पा होते.

चार दिवस महादेवी शाळेत आली नाही. चार दिवस ती कुठं होती, ते सगळ्या गावाला माहीत होतं. पाचव्या दिवशी आली तेव्हा केसांत कडब्याचं बारीक पान अडकलेलं होतं. ते काढता काढता मला युक्ती सुचली.

मी तिला म्हटलं, हात पुढं कर. पहिल्यांदा विचारलं की नको म्हणायचं आणि करंगळी मिटायची. दुसऱ्यांदा विचारलं की नको म्हणायचं आणि तिच्या शेजारचं बोट मिटायचं. तिसऱ्यांदा विचारलं की तिसरं बोट मिटायचं आणि खरं काय ते सांगायचं. भूक असेल तर वाढा, नसेल तर पुरे.

"दोनदा खोटं कामून बोलायचं?" तिनं विचारलं.

म्हटलं, रीत हाय.

"मंग तिसऱ्यांदा खरं बोललेलं त्यांला कसं कळतंय?"

म्हटलं, गप मोज.

पुढच्या सणाला ती बोटं मिटत जेवली. पंगतीत नाव निघालं, पोरगी सुधारली म्हणून. शिवप्पांनी मला खणाचा कपडा पाठवला. तो मी शिवून घेतला आणि मिरवलाही.

* * *

माझ्या युक्तीचा पुढचा किस्सा असा. पुढच्या चैत्राचं ऊन, शाळेच्या पत्र्याखाली भट्टी. पाणी द्यायला एक शिपाईणबाई होती. ती तांब्या घेऊन वर्गातून फिरायची आणि विचारायची, पाणी? हो म्हटलं की ओंजळीत ओतायची. सकाळच्या फेरीत महादेवी नको म्हणाली आणि तिनं करंगळी मिटली. मधल्या सुट्टीत पुन्हा नको, दुसरं बोट मिटलं. आणि तिसऱ्या फेरीची वाट बघत बसली. शिपाईणबाई दिवसातून दोनच फेऱ्या मारायची.

शाळा सुटताना ती दाराच्या अडसराशी पडली. शुद्ध हरपलेली आणि दोन बोटं तशीच मिटलेली! हे वाक्य मी म्हटलं की लोक हमखास हसायचे. मी ते कसं म्हणायचं याचा सरावच केला होता.

उस्तानीबींनी तिचं डोकं मांडीवर घेतलं, पाणी मारलं, एकेक बोट हलक्या हातानं उघडलं. मग आमच्याकडं बघितलं.

"तमीज नहीं सिखाए तुम लोगां," त्या म्हणाल्या. "बच्ची को प्यासी बैठना सिखाए."

मोठ्या बाई मला नंतर म्हणाल्या, यांना कसली तमीज कळते. मी मान डोलावली.

* * *

शिवप्पांची वहिनी गुलबर्ग्याहून आली होती. रस्त्यात महादेवी भेटली. वहिनीनं आपलं सहज विचारलं, कशी हाईस गं? महादेवीनं बाही वर केली.

"इथं चटका हाय, अव्वानं उलथनं लावलं. पाठीवर दोन हायत. आज पोट साफ झालं. तुमच्या तोंडाला वास यायलाय."

वहिनी तडक परत गेली. शिवप्पा शाळेत आले, भांडायला नाही, हात जोडून. म्हणाले, घरातलं बाहेर सांगू नये एवढं तरी शिकवा. मोठ्या बाईंनी त्याच दुपारी वाक्य ठरवलं. कुणीही कशी हाईस म्हणालं की उत्तर एकच, "बरी हाय. तुमी कशा हाव?" आणि मग हसायचं. हसायचं कसं, तेही ठरलं. वरचे दात दिसतील इतकंच, मनात एक-दोन-तीन मोजायचं आणि तोंड मिटायचं. महिनाभर रोज शंभर वेळा घोकून घेतलं.

अव्वानं, म्हणजे आईनं, लावलेल्या उलथन्याचं मी काही विचारलं नाही. मोठ्या बाईंनीही नाही. आम्हाला वाक्य बसवायची घाई होती.

उस्तानीबी मात्र बुरखा घालून शिवप्पांच्या घरी गेल्या. त्या दिवसांत त्यांनी एकटीनं गावातून चालत जाणं सोपं नव्हतं. महादेवीच्या आईशी काय बोलल्या ते त्यांनी सांगितलं नाही. पण नवा चटका मग दिसला नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी महादेवीला माझ्यासमोर बसवलं आणि माझीच युक्ती तिला नव्यानं शिकवली. दोनदा कुणी विचारलं तर बाईंचं वाक्य म्हण. त्यांचा कायदा आहे, पाळ.

"पर तीसरी बार पूछे तो सच बोल देना, बेटा. तीन बार पूछने वाला सच में पूछता."

महादेवीनं तीन बोटं मिटून दाखवली. मला वाटलं, काय हे, चांगलं बसलेलं वाक्य बिघडवायला निघाल्या.

* * *

पुढं वर्षभरात शाळेतलं उर्दू उठलं आणि उस्तानीबींची जागा गेली. त्या भावाकडं गुलबर्ग्याला निघाल्या. खरं सांगायचं तर त्यांच्या डब्यातलं पान आम्ही तोवर घ्यायचं सोडलं होतं. कुणी ठरवलं नव्हतं, नुसतं सुटलं होतं. निरोपाच्या दिवशी मोठ्या बाई म्हणाल्या, राहिला असतात तर बरं झालं असतं. एकदाच म्हणाल्या. मी तेवढंही म्हटलं नाही.

बैलगाडी दारात उभी होती. महादेवी पुढं झाली. "जाऊ नका, बी."

"जाना पड़ता, बेटा."

तिनं करंगळी मिटली. "जाऊ नका, बी." त्या पुन्हा तेच म्हणाल्या. तिनं दुसरं बोट मिटलं.

"जाऊ नका. हे तिसरं हाय," महादेवी म्हणाली. "आता खरं सांगा."

उस्तानीबींनी तिचं ते तिसरं बोट स्वतःच्या हातानं मिटलं, अख्खी मूठ आपल्या दोन्ही हातांत धरली आणि बराच वेळ तशाच उभ्या राहिल्या. मग गाडीत चढल्या. महादेवी मला विचारत होती, बीनं सांगितलं का न्हाई? मी म्हटलं, सांगितलं. काय सांगितलं, हे तिनं विचारलं तेव्हा मी घंटा द्यायला सांगितली.

* * *

महादेवी सोळाची झाली तेव्हा आळंद तालुक्यातून पाहुणे बघायला यायचे ठरले. शिवप्पा पुन्हा शाळेत आले. पोरगी शाळा सोडून तीन वर्षं झाली होती, पण गावात अजून ती आमचीच होती. आम्ही दोघींनी तिला महिनाभर तयार केलं. पाटावर कसं बसायचं, नजर कुठं ठेवायची, कुठल्या प्रश्नाला काय, चहा देताना काय. मोठ्या बाई सासू व्हायच्या, मी नणंद. आम्ही इतकं छान केलं की आमचं आम्हालाच हसू यायचं.

पाहुणे आले. महादेवीनं एक चूक केली नाही. कशी हाईस पोरी? बरी हाय, तुमी कशा हाव? एक, दोन, तीन. सासू होणारी बाई खूश झाली. उठता उठता मला बाजूला घेऊन तिनं विचारलं, "बाई, तुमी शिकवलंय तिला. पोरगी शानी हाय न्हवं?"

तिथं मला खरं सांगता आलं असतं. तिला माणसांचं कळत नाही, तिच्याशी उघड बोलावं लागतं, ती सांगते ते खरं असतं, असं चार वाक्यांत. शिवप्पा दारात उभे राहून माझ्याकडं बघत होते.

"लई शानी," मी म्हटलं.

मोठ्या बाईंनी शाळेत पेढे वाटले. म्हणाल्या, आपल्या शाळेचा सगळ्यात अवघड पेपर सुटला.

हळदीच्या आदल्या दिवशी महादेवीनं मला विचारलं, "तिथं बी मोजायचं का?"

म्हटलं, तिथं तर मोजायचंच.

"तिथं तिसऱ्यांदा कोण इचारंल?"

मला घाई होती, हातात बांगड्यांचा डबा होता. "इचारतील की गं," मी म्हटलं. "आन् कुणी न्हाई इचारलं तर मी येऊन इचारीन."

तिनं ते वाक्य दोनदा पुटपुटून पाठ केलं.

* * *

हा शेवटचा मी आजवर कुणाला सांगितलेला नाही.

लग्नाला दोन वर्षं झाली होती. आळंद काही लांब नाही, पण माझं जाणं झालं नाही. तेवढ्यात हैदराबाद राज्य तोडलं. बिदर-गुलबर्गा म्हैसूरकडं गेलं, उमरगा मुंबई राज्यात. मराठी शिकवणाऱ्यांना विचारलं, इकडं राहता की तिकडं जाता? मी तिकडची शाळा मागून घेतली. बसवकल्याणच्या स्टँडवर उमरग्याच्या गाडीत ट्रंक चढवली, खिडकीजवळच्या जागेवर रुमाल टाकला आणि केळी घ्यायला खाली उतरले.

तिथं महादेवी उभी होती. सासू पलीकडं बोचक्यावर बसून कुणाशी बोलत होती. महादेवी फार वाळली होती. डाव्या हाताला कोपरापर्यंत फडकं गुंडाळलेलं, हळदीनं पिवळं झालेलं, एका कडेनं ओलं. तिनं मला ओळखलं. काही बोलली नाही. कुणी विचारल्याशिवाय बोलायचं नाही, हे आम्हीच शिकवलं होतं.

"कशी हाईस, महादेवी?" मी म्हटलं.

"बरी हाय. तुमी कशा हाव?" आणि ती हसली. वरचे दात दिसतील इतकंच. मग तोंड मिटलं.

मी त्या फडक्याकडं बघितलं. सासूनं बोलता बोलता मान वळवली होती. मी जरा खालच्या आवाजात विचारलं, "खरंच बरी हाईस न्हवं?"

"बरी हाय," ती म्हणाली.

कंडक्टरनं पत्र्यावर हात मारला. उमरगा, उमरगा, चला. माझ्या रुमालावर कुणीतरी बाई बसायला लागली होती. येते हं, जपून राहा, असं काहीतरी मी म्हटलं आणि चढले. त्या बाईला उठवलं, जागा घेतली, केळी मांडीवर ठेवली.

गाडी निघाली. मी खिडकीतून हात हलवला. तिनं हलवला नाही. तिचा उजवा हात पोटाशी धरलेला होता, दोन बोटं मिटलेली, बाकीची उघडी.